ग बाटलीला साठपैकी अठ्ठावन्न

बरणीच्या बुचातून बाहेर आलेल्या वाकड्या काचनळीत बोटभर पाणी होतं. डिसेंबरात त्या पाण्यातून सेकंदाला एक बुडबुडा येत होता, जानेवारीच्या शेवटी चाळीस सेकंदांना एक. आता नऊ दिवसांत एकही आला नव्हता. वंदनाने वहीत तारीख आणि तापमान लिहून पुढे शेरा लिहिला: आंबणे थांबले.

दुसरंही एक काम थांबलेलं होतं. सासऱ्यांची सही दोन वर्षं होत नव्हती. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

भैय्याजींची संत्र्याची बाग सौंसरहून मोहगावला जाणाऱ्या रस्त्यावर होती. बारीक फळ व्यापारी घेत नसत, ते झाडाखालीच सडायचं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या त्यांच्या सुनेने पंचाऐंशी साली त्या फळाची वाइन करून पाहायला घेतली. बागेतल्या पंपाच्या खोलीत, प्रयोगापुरती परवानगी काढून. पक्क्या परवान्याचा अर्जही तिने भरून ठेवला होता. त्यात वाइन करणाऱ्या जाणकार व्यक्तीचं नाव लागत होतं, म्हणजे वंदनाचं, आणि जागेच्या मालकाची सही लागत होती, म्हणजे भैय्याजींची. प्रयोगाची मुदत मार्चअखेर संपत होती. तोवर अर्ज गेला नाही तर बरण्या बांधावर ओताव्या लागणार होत्या.

"पाहू," भैय्याजी म्हणायचे. "चार लोकाईले इचारू. सुनेचं नाव दारूच्या कागदावर टाकाचं म्हणजे लोक काय म्हणतीन?"

वंदनाचा नवरा हेमंत पांढुर्ण्याला बँकेत होता. तो तिला समजावायचा, "बाबा नाही म्हणाले का? नाही ना?" या घरात नकार असाच दिला जात असे.

शेवटी वंदनाने त्या चार लोकांनाच बोलावलं. तीन आले. डॉक्टरांनी ऐनवेळी पेशंट असल्याचा निरोप पाठवला. चौघांत वाइनची चव ठाऊक असलेले तेच एक होते, आणि ते उघड होऊ नये एवढी काळजी त्यांनी घेतली. आलेल्यांपैकी नत्थूजी पांढुर्ण्याच्या बाजारातले संत्र्याचे अडते, मोरेश्वर गुरुजी निवृत्त हेडमास्तर आणि देवकाबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष. तिघांनीही आल्याआल्या सांगितलं, की आपण आयुष्यात थेंब घेतलेला नाही. न्यायाधीश म्हणून भैय्याजींना ते पसंत पडलं.

टेबलावर तीन बाटल्या होत्या. क म्हणजे गेल्या वर्षीची वाइन, ख म्हणजे यंदाची. ग मध्ये उकळून गार केलेला संत्र्याचा रस होता, साखर आणि पाणी घातलेला. प्रत्येक प्रयोगात तुलनेसाठी एक साधा नमुना ठेवायचा असतो, तसा. कशात काय आहे हे वंदनाने वहीत लिहिलं होतं, सांगितलं कुणालाच नव्हतं. प्रत्येकाने प्रत्येक बाटलीला वीसपैकी गुण द्यायचे आणि अभिप्राय लिहायचा.

ग्लासला कुणी हात लावेना.

"ग्लास तोंडाले लावला म्हणजे पेल्यासारखंच होते, बाई," देवकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी उजव्या हाताचा तळवा पुढे केला. बाकीच्यांना तोडगा पटला. वंदनाने चमचाभर क प्रत्येकाच्या तळव्यावर घातली. तिघांनी डोळे मिटून ती तोंडात घेतली आणि सवयीने ओला हात डोक्यावरून फिरवला. दुसऱ्या चमच्यानंतर गुरुजींच्या टकलाला संत्र्याचा वास येऊ लागला.

"कडू आहे," नत्थूजी म्हणाले. "हा माल पुढं टिकत नाही."

"टिकण्यासाठीच करतात, नत्थूजी," हेमंत म्हणाला.

"तू बँकेचं पाह्य बाप्पा. मालाचं मले समजते."

क ला त्यांनी वीसपैकी सहा दिले. गुरुजींनी लिहिलं, 'प्रयत्न बरा. सातत्य हवे.' आठ गुण. ख घेतल्यावर देवकाबाई म्हणाल्या, "पित्तावर चालेल." वंदनाच्या मते ख उत्तम उतरली होती: स्वच्छ, कोरडी, शेवटी सालीचा किंचित कडवटपणा. तिला साठपैकी एकोणीस मिळाले.

मग ग आली.

"हं," नत्थूजींनी तळवा पुन्हा पुढे केला. "ही पाहा. ही असली चीज."

"जरा जपून," गुरुजी म्हणाले. "ही अंगात लवकर भिनते. मला डोकं हलकं लागून राहिलं."

"माझे तं कान गरम झाले जी."

देवकाबाईंनी खुर्चीचा दांडा धरून ठेवला होता. "मले घरी सोडून द्या कोणीतरी," त्या म्हणाल्या. "पण आधी अजून एक चमचा दे, वंदना. नक्की सांगता आलं पाह्यजे ना."

ग ला अठ्ठावन्न गुण पडले. गुरुजींनी खाली लिहिलं, 'प्रौढांनीच घ्यावी.'

भैय्याजींनी तिन्ही कागद वाचले, पुन्हा वाचले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "तिघंही एकच बोलून राहिले," ते म्हणाले. "मंग काय राह्यलं? आण तो अर्ज." त्यांनी खिशातला पेन काढून टोपण उघडलं.

वंदनाने अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. हेमंतने तिच्याकडे पाहिलं. वहीत काय लिहिलंय ते त्याला माहीत नव्हतं, पण लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्याने मान किंचित हलवली, नको अशी. ती गप्प राहिली असती तर सही झाली असती. निकाल चुकीचा होता एवढंच.

"बाबा, थांबा," ती म्हणाली. "ग मध्ये वाइन नाही. साखर घातलेला रस आहे, उकळलेला. तुलनेसाठी ठेवला होता."

गुरुजींनी ग ची बाटली उचलून उजेडात धरली.

"रस?" गुरुजी म्हणाले.

"हो."

"मंग माझे कान काहून गरम झाले?" नत्थूजींनी तक्रारीच्या सुरात विचारलं.

"ऊन आहे, नत्थूजी," हेमंत म्हणाला.

देवकाबाईंनी खुर्चीचा दांडा सोडला आणि पदर नीट केला. "मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

भैय्याजींनी पेनाला टोपण लावलं. वंदनाने क आणि ख च्या बाटल्यांना बुचं बसवली. मार्च संपायला अकरा दिवस होते. बरण्या कोणत्या बांधावर ओतायच्या, याचा ती विचार करू लागली.

भैय्याजी मात्र तिघांकडे पाहत होते. नत्थूजी अजून कान चाचपत होते. गुरुजी आपला अभिप्राय परत मिळतो का, म्हणून कागदाकडे हात नेत होते. भैय्याजींनी कागद त्यांच्या हातापासून दूर ओढला.

"दोन वर्षं," ते हळू म्हणाले. "दोन वर्षं मी याईले इचारासाठी थांबून राहिलो होतो."

त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा उघडलं आणि अर्ज पुढे ओढला.

"करू आपण वाइन," भैय्याजी म्हणाले. "अर्ज उद्याच छिंदवाड्याले जाईन, अन् नाव सूनबाईचंच राहीन."