नाझियाचा कॉम्प्युटर थंड करताना

मस्कतला मी काय काम करायचो असं कोणी विचारलं की मी "एसी लाइनमध्ये" एवढंच सांगायचो. लाइन खरीच होती; फक्त गार हवेचे पत्र्याचे डक्ट खांद्यावर घेऊन जिने चढणाऱ्यांची. पण गावी, पावसला, परत आल्यावर घरात अशी समजूत झाली की गारव्यातलं सगळं मला कळतं. मीही ती खोडून काढली नाही. आई फ्रिजमध्ये कोलंबी कुठल्या कप्प्यात ठेवायची हेसुद्धा मला विचारायला लागली आणि मी दाढी कुरवाळत सांगायलाही लागलो.

म्हणून २००६ साली नाझियाचा कॉम्प्युटर रुसला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नाझिया माझी धाकटी बहीण. बाळंतपणाला माहेरी आली ती कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून रिक्षातून घेऊनच. नवरा सुलेमान दोह्याला नोकरीला. त्याने अजून लेकीला, इकराला, पाहिलं नव्हतं. दर शुक्रवारी नमाजनंतर तो तिकडच्या कॅफेत जाऊन बसायचा, इकडे नाझिया कॅमेरा लावायची, हालहवाल विचारून व्हायची, आणि इकराला आतून आणून कॅमेऱ्यासमोर धरेपर्यंत कॉम्प्युटर फट्कन बंद. लागोपाठ असंच व्हायला लागलं. शेवटी सुलेमानचा फोन आला.

"भाई, खरं सांगा. मुलीला काही झालंय का? माझ्यापासून काय लपवताय?"

मी म्हटलं, "अरे, मुलगी गुटगुटीत आहे. मशीन तापतंय. येत्या शुक्रवारपर्यंत मी स्वतः बघतो."

डब्याची बाजू उघडली. आत पंखा, त्याच्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पातळ पट्ट्यांचा ठोकळा, आणि पट्ट्यांच्या फटींत तांबडी धूळ न् मांजराचे केस गच्च भरलेले. "हा हीट सिंक," मी नाझियाला म्हटलं. हे नाव मला आदल्या दिवशीच कळलं होतं. "कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, तो याच्या खाली. त्याची धग हा ओढून घेतो. फटी बुजल्या, म्हणून डोकं तापतंय. हा काढायचा, धुवायचा, परत बसवायचा. झालं."

"भाई, कोणाला तरी बोलावूया का?"

"मी कशाला आहे?"

पंख्याची वायर उपटली, दोन्ही बाजूंचे पांढरे खटके उचलले आणि ठोकळा ओढला. हलेना. मी पाय रोवले, दम धरला आणि फणस उतरवावा तसा हिसका मारला. कच्च आवाज झाला आणि ठोकळा हातात आला. मी तो ऐटीत वर्तमानपत्रावर ठेवला आणि आत वाकून बघितलं. मेंदूच्या जागी बारीक बारीक भोकांचा रिकामा चौकोन.

"प्रोसेसर कुठाय?" नाझियाने विचारलं.

मी टेबलाखाली पाहिलं. खुर्चीखाली पाहिलं. मांजराला उचलून त्याच्या खाली पाहिलं. नाझियाने केर काढला तो सुपात घेऊन पाखडला. आईने पाळणा झटकला. सापडेना. तेव्हा माझ्यातला मस्कतचा तज्ज्ञ जागा झाला. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "वितळला. एवढ्या तापाने वितळून त्याची वाफ झाली असणार."

आईने "या अल्ला" म्हणून कपाळाला हात लावला. नाझियाने मात्र वर्तमानपत्र आवरायला तो ठोकळा उचलला आणि उलटा केला. खाली, धग ओढायला मधे लावलेल्या आणि आता वाळलेल्या लेपाला घट्ट चिकटून, आपली सगळी सोनेरी टोकं वर करून, प्रोसेसर बसला होता.

"भाई," ती म्हणाली, "वाफ सापडली."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. तिच्या हसण्याचा आवाज मात्र बाहेर येत होता.

कोपऱ्यातल्या काही टोकांनी मान टाकली होती. नाझियाने कशिद्याची सुई आणली आणि श्वास रोखून एकेक सरळ केलं. मी टॉर्च धरला, तोही तिच्या डोळ्यांवर. नवा लेप आणायला मी एसटीने रत्नागिरीला गेलो. दुकानदाराने झाला प्रकार ऐकून विचारलं, "गरम न करता, न फिरवता सरळ उपटला? कोणी?"

"होता एक मेकॅनिक."

"त्याला परत घरात घेऊ नका."

"तेच मी म्हणतोय," मी म्हटलं. घरी तर मला जायचंच होतं.

परत आल्यावर मी प्रोसेसर बसवायला अंगठ्याने दाबणार, तेवढ्यात नाझियाने माझा हात धरला. बाजूला एक बारीक दांडी होती. ती उचलल्यावर प्रोसेसर नुसता ठेवला तरी आपोआप आत बसला. दांडी खाली केली. जुना लेप बाळाच्या कापसाने पुसला. नवा मी भाकरीवर लोणी थापावं तसा थापायला निघालो होतो. तिने तो बराचसा परत काढून मुगाएवढा ठेवला. धुऊन कडक वाळवलेला हीट सिंक वर बसवला, खटके लावले. कॉम्प्युटर चालू केला तर पंखा गप्प. वायर जोडायची राहिली होती. ते काम मी कुणाच्याही मदतीशिवाय केलं.

शुक्रवारी सुलेमान पडद्यावर आला. बोलणं झालं, इकराला आणलं, आणि कॉम्प्युटर चालूच राहिला. पण इकरा गाढ झोपलेली. नाझिया तिला हलवायला लागली तर सुलेमान पलीकडून घाईघाईने म्हणाला, "नको, उठवू नको. असूदे. मी बघतो नुसता."

तो बघत राहिला. कॅमेरा धरून माझ्या हाताला कळ लागली, तरी मी हललो नाही. बऱ्याच वेळाने तो हळूच म्हणाला, "भाई, मेकॅनिक चांगला मिळाला वाटतं."

"ठीक होता," मी म्हटलं.

नाझियाला हसू आवरेना. ती खो खो हसली आणि त्या आवाजाने इकरा दचकून उठली. तोंड लाल करून तिने असा टाहो फोडला की आई आतून धावत आली. मी गडबडून कॅमेरा खाली करायला लागलो.

"राहूदे भाई, राहूदे," सुलेमान डोळे पुसत ओरडला. "रडूदे तिला. आवाज वाढवा जरा."