मोहापलीकडच्या शिव्या

पहार खडकावरून उसळली आणि मुखरूच्या अंगठ्यावर बसली. त्यानं तोंड उघडलं, काठावर बसलेल्या म्हाताऱ्या केवळरामभाऊंकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"इथी शिवी नाई," केवळरामभाऊ म्हणाले. "बाई देवीनं गेली. माती पडेपरेंत देवी आई इथीच हाय."

चैताचं ऊन कलायला लागलं होतं. गडचांदूरकडची ती जमीन, वर हातभर माती आणि खाली नुसता चुनखडक. देवीनं गेलेल्याला जाळत नाहीत, म्हणून मैनेसाठी खड्डा. आणि तरसं उकरतात, म्हणून तो छातीइतका खोल, दिवस बुडायच्या आत. दुपारपासून गुडघ्याएवढा झाला होता.

मैनेचा नवरा वारलू बाजूला बसला होता. त्यानं आणि मुखरूनं मिळून अकरा विहिरी खोदल्या होत्या. त्यात पहार मुखरूची आणि तोंड वारलूचं. वारलू खडकाच्या मामाचा, मेहुण्याचा, साडूचा उद्धार करी आणि खडक फुटे. पण घरात देवी आल्यापासून नऊ दिवस फोडणी नव्हती, मोठा आवाज नव्हता. ते दिवस संपले, हे त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. तो फुटलेला तुकडा उचलायचा, ढिगावर ठेवायचा, परत येऊन बसायचा.

"भाऊ, मुक्यानं खडक फुटत नाई," मुखरू म्हणाला. "अकरा विहिरींचं सांगून राह्यलो."

"मंग काय आईपुढं घाण बोलतं?"

"आईले कितीक दुरून आयकू येते?"

प्रश्न रास्त होता. केवळरामभाऊ उठले, पावलं मोजत मोहाच्या झाडापलीकडे गेले आणि मोजतच परत आले.

"साठ पावलं. तोंड जंगलाकडं करून."

टोपल्या भरायला आलेला इसरू मोकळा होता, त्याला शिव्या द्यायला पाठवलं. निम्म्या शिव्या मढ्याच्या. त्या आज गाळायच्या, असंही बजावलं. इसरू गेला, जंगलाकडे तोंड करून उभा राहिला आणि घसा खाकरला.

"अरे मेल्या दगडा!"

मुखरूनं पहार मारली. कपचीही उडाली नाही.

"हा शिव्या देऊन राह्यला का लगनाचं आवतन?"

इसरूनं पुन्हा प्रयत्न केला. दगडाला तो नालायक म्हणाला. मग वारलू उठला, धोतराला हात पुसले आणि कोणाशी न बोलता मोहाकडे चालत गेला. इसरू परत आला.

मुखरूनं हातावर थुंकून पहार धरली. मग मोहापलीकडून आवाज आला.

आधी खडकाचा मामा आला. पहार आत घुसली. मेहुणा, साडू, त्यांची लग्नं लावणारा. मोठे मोठे तुकडे निघायला लागले. इसरू टोपल्या भरू लागला. मग वारलू दारावर टांगलेल्या कडुनिंबाला बोलला, नऊ दिवसांना एकेक करून बोलला आणि मग थेट आईला बोलला. केवळरामभाऊंनी उपरणं दोन्ही कानांवरून गुंडाळलं.

"वारा लय हाय," ते म्हणाले.

मोहाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

शेवटी मैनेचं नाव आलं. लग्नापासून त्यानं ते चारचौघांत घेतलं नव्हतं. पुढची शिवी फाटत गेली आणि कोणाला नीट कळली नाही. मग पुन्हा नाव आलं.

मुखरूनं पहार थांबवली. खड्डा त्याच्या छातीला लागला होता.

"झाला," इसरू म्हणाला. "सांगू का त्याले?"

केवळरामभाऊंनी सूर्याकडे पाहिलं. तो अजून झाडांच्या दोन हात वर होता आणि मोहापलीकडे वारलू बोलतच होता. त्यांनी ढिगातला एक सुटा दगड पायानं खड्ड्यात लोटला. मुखरूनं त्या दगडाकडे पाहिलं आणि पहार उचलली.