नाथानं विचारलं होतं

या मायबापहो, जरा पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलेल्यांनीही जवळ यावं, कारण आजची कथा टाळ-मृदंगाच्या गजरात सांगण्याजोगी नाही. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. असुर म्हणाल तर एक रीत आहे, आणि ती आपणच पाटावर बसवून पूजतो. ऐकता ऐकता आपलं स्वतःचं घर आठवलं, तर नजर तेवढी चुकवू नका.

कोकणात गागोद्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव आहे. तिथं बाबाजी नावाचा शेतकरी राहायचा. पावसाळ्यात भात, मागून वाल, आणि गावात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत त्याची बैठक. थोरली लेक रोहिणी रोह्याला दिलेली. धाकटा नाथा घरी. जावई सुजय एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. हा ठेकेदार लांब परमुलखातल्या एका अणुवीज केंद्राच्या दुरुस्तीची कामं घेई. नाथा डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर वेल्डिंग शिकला, हात बसला, तेव्हा सुजयनंच त्याला आपल्या गँगमध्ये ओढलं. मेहुण्याचं कल्याण केलं म्हणून जावयाचा मान आणखी वीतभर वाढला.

तो मान आधीच काय कमी होता! त्या घरात जावयानं आमटी अळणी म्हटली की तीत मीठ नव्हतंच. खरं मीठ कुणी चाखून बघायचं नाही.

त्या वर्षी अधिक महिना आषाढाला जोडून आला. लावणीच्या गडबडीतून एक दिवस काढून बाबाजीनं लेक-जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. रोहिणीची आई सरू दोन दिवस अनरशांचं पीठ जपत होती. पाट मांडला, रांगोळी घातली, पितळेच्या ताटात तुपाचा दिवा ठेवून सुजयला ओवाळलं. नाथा चिखलाचे पाय धुऊन आला आणि भावजींच्या समोर बसला. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "भावजी, मागच्या खेपेला हवा तपासनारा मीटरवाला यायच्या आधीच आमाला टाकीत उतरवलंत. पुन्यांदा तसं नको."

सुजय रागावला नाही, हसला. "मामा, तुमचा लेक साहेब झाला. आता आमाला शिकवनार."

बाबाजीच्या हातातला घास तसाच राहिला. जावयाच्या ताटासमोर असं बोलायची रीत आपल्या घरात कधी आली, असं त्यानं लेकाला विचारलं आणि पाया पडायला लावलं. नाथा उठला. उष्टा हात मागं धरून, डाव्या हातानं भावजींच्या पायाला शिवला. तूप वाढणाऱ्या रोहिणीनं ते पाहिलं. भावाचं वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर नवऱ्याचा मान राखला गेला म्हणून मनातून तिला बरंही वाटलं. बाईच्या जातीला माहेरात ताठ मानेनं वावरायला हेच एक बळ असतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं.

दसऱ्यानंतर केंद्रात मोठी दुरुस्ती निघाली आणि गँग गेली. आठवडा सरला असेल नसेल, गावातल्या दुकानाच्या फोनवर निरोप आला. नाथा गेला.

देह गाडीतून आला. बरोबर सुजय होता आणि ठेकेदाराचा एक माणूस. त्या माणसानं सांगितलं की पोरगा परवानगी नसताना स्वतःहून टाकीत उतरला. अणूच्या कारखान्यातून प्रेत आलंय हे गावाला कळलं आणि माणसं अंगणाच्या कडेलाच थबकली. किरण लागतील म्हणाली. आंघोळ घालायला कुणी पुढं येईना, तेव्हा सरू आणि रोहिणीनंच पाणी घेतलं. देहावर कुठं भाजल्याची खूण नव्हती, ओरखडासुद्धा नव्हता. झोपलेल्याला उठवू नये तशी सरू त्याचे केस हळू हळू पुसत होती. "काय गो झालं माझ्या पोराला?" एवढंच ती लेकीला विचारत राहिली.

उत्तर सुजयजवळ होतं. तो दिवसभर मागच्या पडवीत बसून राही, जेवत नसे. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी रोहिणीनं त्याच्यापुढं पेजेचा वाडगा ठेवला आणि तिथंच बसली. वाडग्याकडं बघत तो बोलायला लागला. टाकीत वेल्डिंगसाठी आरगॉन सोडला होता. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि हवेपेक्षा जड म्हणून तो तळाशी साचतो आणि श्वासाची हवा हाकलून देतो. मीटरवाल्यानं आत यंत्र सोडून हवा चांगली म्हटल्याशिवाय कुणी उतरायचं नसतं. मीटरवाला दुसऱ्या कामावर होता. वरून इंजिनियर सारखा तगादा लावत होता.

"नाथा शिडीशी थांबला. म्हनला, भावजी, थांबू या का?" सुजयनं वाडगा दूर सारला. "मी म्हनलो, सांगू का मामांना, जावयाचा शब्द मोडतोस म्हनून? सगळी हसली. तोपन हसला गो. आनि उतरला."

रोहिणीनं वाडगा उचलला, आत गेली आणि चुलीपाशी कितीतरी वेळ तो हातात धरून उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ गावात आले, एलिजा रोहेकर. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंपैकी. घरचे बहुतेक इस्रायलला गेले, हे मात्र इथंच राहिले. मुंबईहून नेमलेल्या चौकशी पथकात ते सुरक्षेचे अधिकारी होते. मयताचं गाव वाचलं आणि आपल्या मुलखाचं पोर म्हणून स्वतः निघून आले. त्यांचे आजोबा कीर्तनाला उभं राहून त्यांच्या धर्मग्रंथातल्या योसेफाचं आख्यान लावत, आणि मृदंगावर साथीला बाबाजीचा बाप असे. ही ओळख निघाली तेव्हा बाबाजीला इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं.

एलिजांनी आधी एक गोष्ट सांगितली. त्या टाकीपाशी किरण नव्हतेच. लोक ज्याला भ्यायले ते तिथं नव्हतं, आणि जे होतं त्याला कुणी भ्यायलं नाही. मग ते म्हणाले की कागदावर नाथाचीच चूक लागणार आहे, कारण उतरण्याआधी त्यानं विचारलं होतं असं गँगमधलं एकही तोंड बोलत नाही.

धोंड्याच्या जेवणाला लेक काय बोलला ते बाबाजीला आठवलं, आणि जे कळायचं ते कळलं. जावई भिंतीपलीकडं पडवीत होता. बाबाजीनं हात जोडले. "साहेब, लेक गेला. लेकीचं घर तेवढं राहू द्या."

"बाबाजीदादा, एकट्या सुजयचा बळी घेऊन मला गप बसायचं नाय," एलिजा म्हणाले. "त्याच्यावर इंजिनियर, त्याला संध्याकाळपर्यंत टाकी हवी. इंजिनियरवर साहेब, त्याला तारीख पाळायची. खालच्यानं वरच्याला थांबा म्हनायचं नाय. तुमच्या घरची रीत तिथंपन हाय. पायरीपायरीवर एकेक जावई बसलाय."

मग एलिजांनी मृदंगाची गोष्ट काढली.

"बुवा कीर्तनात तालातून सुटला तर मृदंगवाला काय करतो?"

"थाप देऊन समेवर आनतो."

"मग बुवाचा मान जातो?"

"नाय जात," बाबाजी म्हणाला, आणि त्यानं तोंड पंच्यात लपवलं. पण लेकीचा संसार आपल्या तोंडानं मोडायचं बळ कुठल्या बापात असतं?

दाराच्या चौकटीला धरून रोहिणी उभी होती. ती पुढं आली. "बाबा, त्या दिवशी नाथा पाया पडला, तवा मला बरं वाटलं होतं. ह्यांचा मान राह्यला म्हनून. तो मान मला आता नको." मग एलिजांकडं वळून म्हणाली, "लिवा साहेब. नाथानं विचारलं होतं. ह्यांनीच मला सांगितलंय."

पडवीचं दार करकरलं. सुजय आत आला. बसला नाही. "व्हय," तो म्हणाला. "त्यानं विचारलं होतं. मी हसन्यावारी नेलं. मला कोन घाई करत होतं, तेपन लिवा."

सत्य बोलल्यावर सगळं गोड होतं असं मी सांगणार नाही. सुजयवर खटला झाला, काम गेलं. पुढं तो रोह्याला पोह्याच्या गिरणीत लागला. नवऱ्याला बुडवणारी म्हणून सासरच्या माणसांनी रोहिणीशी कैक दिवस बोलणं टाकलं. ती त्याच घरात राहिली, त्याच नवऱ्याला वाढत राहिली, आणि दोघांच्या मध्ये नाथा बसलेला असे. इंजिनियरची बदली झाली. त्याच्यावरच्या साहेबांना फक्त समज मिळाली. एलिजांनी मात्र लावून धरलं, वरच्यांची नाराजी पत्करली, तेव्हा कुठं त्या केंद्रात नियम झाला. काम सुरू करण्याआधी तिथल्या सगळ्यात मोठ्यानं सगळ्यात धाकट्याला विचारायचं, "तुला काही सांगायचंय?" आणि त्यानं थांबा म्हटलं तर थांबायचं. आता काही साहेब मनापासून विचारतात. काही विचारतात आणि उत्तराची वाटही न बघता पुढं चालतात.

वीज आपल्या सगळ्यांना हवी, मायबापहो. ती जिथं तयार होते तिथली यंत्रं शहाणी माणसं बनवतात. पण धाकट्याचा शब्द गिळायची सवय काही यंत्रात नसते, ती आपण घरून डब्यात बांधून नेतो.

म्हणून मागणं एकच. उद्या तुमच्यापुढं कुणी लहान तोंडानं म्हणेल, थांबू या का? सून म्हणेल, मजूर म्हणेल, तुमचाच धाकटा म्हणेल. तुम्हाला हसू येईल, घाई असेल, मान आडवा येईल. त्या घटकेला नाथाची आठवण करा. देवाचं नाव नंतर घेतलंत तरी चालेल; तो रागावणार नाही.