ज्यात कोणी भांग पाडला नाही

मी आरसा बोलतोय. घरातला नव्हे. हातभर लांब सिलिकॉनचा ठोकळा आहे मी, आणि जन्मापासून माझ्यात कोणी तोंड पाहिलेलं नव्हतं.

मला घासून गुळगुळीत करणारे काका श्वाससुद्धा मान वळवून सोडायचे. डब्यात ठेवताना म्हणाले, "जा बाबा. तोंड मात्र कुणाला दाखवू नकोस." आरशाला सांगायची ही काय गोष्ट झाली!

मग हवा काढून घेतलेल्या पोलादी नळीत मला कोंडलं ते कोंडलंच. एक्स-रे लेसरचे झोत यायचे, ते मी किंचित वळवून पुढच्या खोलीतल्या नमुन्यावर टाकायचो. एकेक झोत इतका क्षणिक, की पापणी लवायचा वेळ त्यापुढे युगासारखा. तेवढ्यात म्हणे रेणूतला इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो. त्याला जाता जाता पकडायचं, हा इथल्या शास्त्रज्ञ बाईंचा ध्यास.

झोत पडेल तिथे माझ्यावर काजळी धरायची. पट्टा काळा पडला की मशीन सांभाळणारे दादा मला जरा सरकवून कोरा पट्टा पुढे करायचे. माणसं कूस बदलतात ती विश्रांतीसाठी. मी बदलायचो ती पुन्हा मार खायला. जीव नकोसा व्हायचा, खरंच सांगतो.

असं करता करता एकच पट्टा उरला.

"बाई, हा गेला की आरसा बाद. नवा यायला दोन वर्षं तरी जातील," दादा म्हणाले.

"तोवर मी निवृत्त झालेली असेन हो."

"आणि आज नाही दिसलं तर?"

"तर गुपचूप घरी जाईन. सरकवा तुम्ही."

मी पार थकलो होतो, तरी त्या दिवशी जीव तोडून स्थिर राहिलो.

संध्याकाळी दादा ओरडले, "बाई, इकडे या! पडद्यावरची रेघ सरकतेय बघा, इलेक्ट्रॉन सापडला!" बाई धावत पडद्याशी आल्या. बराच वेळ नुसत्या नाक ओढत बसल्या.

आता मी भांडारातल्या फळीवर पडून असतो. काल बाईंचा कामाचा शेवटचा दिवस होता. त्या आल्या, डब्याचं झाकण काढलं आणि हातमोजे न घालताच माझ्यावर वाकल्या.

"अगंबाई, केवढे पिकले की केस!"

त्या हसल्या, तसा मी त्यांच्या श्वासाने धुरकटलो. त्यांनी मला खुशाल बाहीने पुसलं, दोन काळ्या पट्ट्यांमधल्या जागेत बघून भांग नीट केला, आणि गेल्या.

मला पुन्हा घासून कामाला लावायचं घाटतंय म्हणे. नका हो. आणि घासणारच असाल, तर त्या बाहीची पुसट खूण तेवढी राहू द्या.