आज दुकानात नवीन काय

"आज काय बदलू?" दुकानाचं कुलूप काढता काढता ह्यांनी मला विचारलं.

"काल भिंतींना पांढरा रंग दिलात. आता काय बायको बदलता?"

हे हसले नाहीत. विनोद कळायला ह्यांना संध्याकाळ होते.

शिलाई मशीन दुरुस्तीचं आमचं दुकान मोठ्या रस्त्यावरून मागच्या गल्लीत आलं आणि गिऱ्हाईक आटलं. सगळे जिथे शोधतात तिथे इंटरनेटवर जुनाच पत्ता दिसायचा. माणसं मशीन उचलून त्या जागी जायची, तिथे चपलांचं दुकान बघून घरी परतायची. असंच चाललं असतं तर दुकान बंद करून हे घरी बसले असते. घरी बसलेला हा माणूस मला सोसला नसता, ह्यांना स्वतःला तर मुळीच नाही.

मग लेकीने एक नवं सर्च इंजिन दाखवलं. "बाबा, शिवण शिकणाऱ्या मुली हल्ली हेच वापरतात. दर तासाला इंटरनेटवरची सगळी पानं पुन्हा बघून येतं ते. पान कधी बदललं ते शेजारी दाखवतं, आणि ताजं असेल ते वर घेतं. मी नव्या पत्त्यासकट दुकानाचं पान काढून देते, तुम्ही त्यावर रोज एक ओळ टाका."

दुसरा कुणी 'दुकान चालू आहे' एवढं लिहून मोकळा झाला असता. ह्यांनी मात्र मनाशी धरलं की ताजं म्हणवायचं तर दुकानात रोज खरोखर काहीतरी नवं व्हायला हवं. 'आज बाक खिडकीशी सरकवलं.' 'आज मोठा दिवा लावला.' असं चालू झालं. मला मेलीला हसू आवरेना. पण पान वर गेलं, गिऱ्हाईक येऊ लागलं. एक बाई तर नुसता दिवा बघायला आली आणि जाताना सासूचं मशीन ठेवून गेली. इतके दिवस अर्धा परत येणारा ह्यांचा डबा रिकामा येऊ लागला तेव्हा मी हसणं सोडलं.

त्या सकाळी ह्यांना काही सुचेना. दुरुस्त झालेलं मशीन चालवून बघायला म्हणून हे सुईत दोरा ओवू लागले. चुकला. चष्मा पुसला, उजेडाकडे वळले, पुन्हा चुकला. खिडकी, दिवा, पांढऱ्या भिंती कशासाठी होत्या ते मला तेव्हा उमगलं. मी हात पुढे केला.

"द्या इकडे."

"जमेल मला."

"ठाऊक आहे. द्या."

मी दोरा ओवला. मशीनने सरळ टीप घातली. हे त्या टिपेवरून बोट फिरवत बसले, मी बाजाराला निघाले.

भाजीवालीपाशी उभी राहून मी फोनवर दुकानाचं पान उघडलं. सगळ्यात वर नवी ओळ होती. 'माझी नजर कमी झाली आहे. आजपासून बारीक काम बायको बघते. दुकान दोघांचं आहे.'

मला विचारलं नव्हतं. माझ्याआधी जगाला सांगितलं. राग आला, आणि रागापेक्षा कितीतरी जास्त बरं वाटलं. भाजी न घेताच मी परत फिरले.

दुकानात एक शिंपी मशीन घेऊन आला होता, आपली तक्रार सांगून नुकताच थांबला होता. ह्यांनी माझ्यासाठी शेजारी स्टूल ओढलं आणि त्याला म्हणाले, "आता ह्यांना सांगा."

शिंप्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.