घातला, काढला

धाकटी आली होती ती गाडी बघायला नव्हे, गाडीची किल्ली न्यायला. भावाने फोनवर फर्मानच काढलं होतं. "बाबांचं काही खरं नाही आता. इंजिन तापतंय आणि हे गाडी दामटतायत. किल्ली घेऊन ये तू." स्वतः यायला त्याला सवड नव्हती. वाईटपणा घ्यायचं काम धाकटीच्या गळ्यात.

बाबा दारात बॉनेट उघडूनच उभे होते. गाडी चोवीस वर्षांची. हिच्यातूनच धाकटी शाळेत गेली, आणि चार महिन्यांपूर्वी, थंडी सरता सरता, आई हिच्यातूनच हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही.

"चढ लागला की काटा लाल रेघेवर," बाबा म्हणाले. "मग मी हीटर लावतो."

"या उकाड्यात?"

"इंजिनाची उष्णता ओढून घेतो तो. मी घामाने निथळतो, पण गाडी घरी येते."

डोकं ठिकाणावर नसलेला माणूस असं बोलत नाही. पण गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून हेच बाबा फिरायला गेले होते. किल्लीचा विषय धाकटीच्या अगदी ओठांवर आला आणि तिने तो गिळला. आधी गाडी बघू. लिफ्ट दुरुस्त करण्यात तिची दहा वर्षं गेली होती. समोर बिघाड असला की माणसाशी बोलणं टाळायला ती पटाईत होती.

इंजिन गार होतं, म्हणून तिने रेडिएटरचं टोपण उघडलं. पाणी काठोकाठ. पाइप कुठे गळत नव्हता, पट्टा ताणलेला. गाडी सुरू ठेवली, तर थोड्या वेळाने वरचा पाइप गरम झाला, म्हणजे पाणी फिरत होतं, आणि पंखाही इमानेइतबारे फिरू लागला.

"मिस्त्री म्हणाला, इंजिनच उतरवावं लागेल."

"हात तरी लावला का त्याने?"

"छे. लांबूनच मान हलवली."

पंखा फिरतोय, मग रेडिएटर गार करणारा वारा अडतो कुठे? गाडी बंद करून ती पुढे गुडघ्यांवर बसली आणि जाळीतून टॉर्च मारला. रेडिएटरच्या जागी काहीतरी तपकिरी, सपाट दिसलं. चार स्क्रू काढून तिने जाळी उतरवली आणि आतून एक पुठ्ठा ओढून काढला. फ्रिजच्या खोक्याचा, कडांना चिकटपट्टी लावलेला. थंडीत इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून लोक रेडिएटरपुढे लावतात, तसला. आणि आता भर उन्हाळा.

भावाला हवा तो पुरावा तिनेच हाताने बाहेर काढला होता.

तिने पुठ्ठा उलटा केला. मागे अकरा वर्षांच्या तारखा. प्रत्येक ओळीत आधी 'घातला', बाबांच्या तिरक्या अक्षरात. पुढे 'काढला', आईच्या टपोऱ्या अक्षरात. शेवटच्या ओळीत नुसतंच 'घातला'.

बाबा जवळ आले, शेवटच्या ओळीवर त्यांनी बोट टेकवलं.

"मी घालायचा, ती काढायची," ते म्हणाले. "विसरलो नाही गं मी. ते मला कधी लक्षात ठेवावंच लागलं नाही."

"आणि गॅस?"

"चहा मी ठेवायचो. बंद ती करायची."

धाकटीला स्वतःची लाज वाटली. चार महिने ती आणि भाऊ बाबांच्या चुका मोजत होते. आईकडे काय काय होतं, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं.

बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली. "ही न्यायलाच आलीस ना? तुझा दादा फोनवर मलाही रोज हेच ऐकवतो."

"हो," ती म्हणाली. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "पण किल्ली राहू दे तुमच्याकडे. पेन द्या."

बाबांनी पेन दिलं. शेवटच्या ओळीत, रिकाम्या जागी, तिने तारीख घातली आणि लिहिलं, 'काढला'. आईसारखं टपोरं काही आलं नाही.

"पुढच्या वर्षीही मी येईन काढायला," ती म्हणाली. "गॅस बंद करायला मात्र तुम्हालाच शिकावं लागेल."