पांढऱ्या डोळ्यांचा पाहुणा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. रुंद तोंडाची, जाड बुडाची, खांद्याशी जराशी वाकडी. माझ्यात कुणी कधी सरबत भरले नाही की अत्तर. माझ्या आयुष्याचे सार्थक केले ते चिलटांनी. हसू नका! पिकल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारी ती बारीक चिलटे, पुस्तकात ज्यांना फळमाश्या म्हणतात, त्यांचे मी एकेकाळी घर होते.

कऱ्हाडजवळच्या एका काचकारखान्यात माझा जन्म झाला. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत एकजीव झाले, एका कारागिराने लांब नळीतून फुंकर घातली आणि मी फुगले. काही वर्षे पुण्याच्या एका औषधाच्या दुकानात मी इसबगोल सांभाळले. पुढे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेने मला नेले. बुडाशी केळ्याचा आणि गुळाचा लगदा, तोंडाला कापसाचा बोळा आणि मधल्या जागेत चिलटे, असा माझा संसार सुरू झाला.

ही गोष्ट एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यातली. चिलटांचे डोळे एरवी डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल असतात. पण आमच्या प्रयोगशाळेत परदेशातून टपालाने आलेल्या, दुधासारख्या पांढऱ्या डोळ्यांच्या फळमाश्या होत्या. पुण्याचे ऊन त्यांना सोसले नाही. एकेक बाटली ओस पडत गेली आणि शेवटी पांढऱ्या डोळ्यांचा एकच नर उरला.

बी. एस्सी.ची परीक्षा नुकतीच दिलेली ब्राह्मी नावाची मुलगी तिथे शिकत होती. तिला पुढे संशोधन करायचे होते. प्राध्यापक तिला म्हणाले, "तुमच्या बेळगावची हवा थंड आहे. या नराला घेऊन जा. जूनमध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या घेऊन आलात, तर माझ्या प्रयोगशाळेतली जागा तुमची. नाहीतर दुसऱ्या कुणाला ती द्यावी लागेल."

ब्राह्मीने तो नर माझ्यात सोडला. कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्या, अजून कुणाशीही जोडी न जमलेल्या लाल डोळ्यांच्या चार माद्या त्याच्या सोबतीला दिल्या. मग मला मांडीवर धरून ती आगगाडीत बसली.

बेळगावच्या रविवार पेठेत तिच्या वडिलांची, गुंडाप्पांची, गुळाची अडत होती. मूळचे निपाणीकडचे हे जैन कुटुंब. दुकानामागेच घर होते. मला पाहून ब्राह्मीची आई पद्मावती दारातच थबकली.

"हे काय गं आणलंस?"

"चिलटं."

"चिलटं! मष्णू, ऐकलंस काय? पुण्यासनं चिलटं घेऊन आलीया ही!"

दुकानातला हमाल मष्णू गुळाची ढेप खाली ठेवत म्हणाला, "ताईसाब, आदी कळवायचं न्हाय व्हय? हितं लई हायत की. पोतं भरून धाडलं असतं!"

आंबलेले अन्न त्या घरात ठेवत नसत. त्यामुळे स्वयंपाकघरापासून दूर, सोप्यातल्या कोनाड्यात माझी सोय झाली. आईने एक अटही घातली. "एक बी जीव मारायचा न्हाय."

"मारत न्हाय गं. ईथर हुंगवून घटकाभर झोपवायचं, मोजायचं आणि काम झालं की पेरूच्या झाडाखाली सोडून द्यायचं."

"मग ऱ्हाऊ देत."

गुंडाप्पा कमी बोलत, पण स्पष्ट बोलत. "ब्राह्मी, तुझ्या सरांनी जागा दिली तर खुशाल पुण्याला जा. मी आडवा येणार न्हाय. न्हाय दिली, तर चिकोडीच्या पाव्हण्यांना होकार कळवतो. चालंल?"

"चालंल, आप्पा," ब्राह्मी म्हणाली. आणि मला उचलून तिने कोनाड्यात ठेवले.

आठवडाभर सगळे छान चालले. माद्यांनी अंडी घातली, लगद्यात अळ्या वळवळू लागल्या. मग त्या अळ्या माझ्या भिंतीवर चढल्या आणि त्यांचे तपकिरी कोश झाले. अशात अक्षय तृतीया आली.

त्या घरात एक रीत होती. या दिवशी दारावर येणाऱ्या पारध्याकडून पोपटांची जोडी घ्यायची आणि तिला मोकळे सोडायचे. यंदा पारधी आलाच नाही. ब्राह्मी आणि आप्पा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेले होते. आई सणासाठी काढलेल्या उसाच्या रसाचे भांडे झाकून बराच वेळ दारात वाट पाहत उभी राहिली. मग तिची नजर कोनाड्याकडे गेली.

"माझ्याच घरात जीव कोंडल्यात, आणि मी पारध्याची वाट बघतोय!" असे म्हणत तिने माझ्या तोंडाचा बोळा उपसला. माद्या भुर्रकन उडाल्या. पांढऱ्या डोळ्यांच्या त्या नराला नीट दिसत नसे. तो माझ्या काठावर बसला, पुढच्या पायांनी त्याने डोळे पुसले आणि उजेडाच्या दिशेने निघून गेला. मला ओरडता आले असते तर साऱ्या पेठेला ऐकू गेले असते.

आईने मग मला लख्ख करायचे ठरवले. राख आणि काथ्या घेऊन ती माझ्या भिंतीवरचे 'डाग' खरवडणार, इतक्यात ब्राह्मी दारात आली.

"आई! थांब! हात काढ!"

"अगं, रिकामी बाटली हाय. सगळ्यांना सोडलं मी. सण हाय न्हवं आज?"

ब्राह्मीने मला तिच्या हातातून घेतले आणि माझ्या तोंडाला पुन्हा बोळा लावला. काय झाले ते आईला हळूहळू कळले, तेव्हा तिच्या हातातला काथ्या गळून पडला. मष्णूने तर उसाच्या रसावर बसलेले प्रत्येक चिलट वाकून पाहिले. "सगळी लालच हायत, ताईसाब. तुमचा पाव्हणा गेलाच म्हणायचा."

पण माझ्या भिंतीवर कोश होते. दोन दिवसांनी त्यांतून चिलटे बाहेर पडू लागली. ब्राह्मीने त्यांना झोपवले, पांढऱ्या कागदावर पसरले आणि भिंगाखाली मोजले. एकतीस. सगळ्यांचे डोळे लाल.

आईच्या डोळ्यांत पाणी आले. "संपलं गं. माझ्या हातनं तुझी जागा गेली."

"संपलं न्हाय, आई. नीट ऐक." ब्राह्मीने कागदाच्या चिठ्ठ्या फाडल्या. "डोळ्याच्या रंगाची चिठ्ठी समज. लेकीला दोन मिळतात, एक आईची, एक बापाची. ल्योकाला एकच, आईची. दोन्हीतली एक जरी लाल असली तरी डोळा लाल दिसतो. ह्या लेकींना आईकडनं लाल मिळाली आणि बापाकडनं पांढरी. पांढरी आत हाय, दिसत न्हाय एवढंच."

"मग दिसंल कवा?"

"ह्यांच्या ल्योकांत. ज्याला लाल चिठ्ठी मिळंल तो लाल, ज्याला पांढरी मिळंल तो पांढरा. निम्मे असे, निम्मे तसे."

"नक्की?"

ब्राह्मीने चिठ्ठ्या गोळा केल्या. "पुस्तकात असंच हाय. मी अजून पाहिलेलं न्हाय."

तिने चिलटे तात्पुरती एका बरणीत ठेवली, मला उकळत्या पाण्याने धुतले, ताजा लगदा भरला आणि त्या एकतीस भावंडांना माझ्यात परत सोडले. त्यानंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. आई दुपारी माझ्याभोवती ओले फडके गुंडाळी. मुंग्या लागू नयेत म्हणून तिने मला पाण्याच्या थाळीत उभे केले, आणि ते पाणीही गाळलेले! दिवसातून चार वेळा ती मला उजेडात धरून कोश मोजत असे. काचेला इतके प्रेम क्वचितच मिळते.

बाराव्या दिवशी सकाळी पहिली चिलटे निघाली. सगळे घर कोनाड्यापाशी जमले.

"सात," ब्राह्मी भिंगातून पाहत म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "सातही लाल."

गुंडाप्पांनी घसा खाकरला. "मग चिकोडीला पत्र..."

"दमा की वो!" आई कडाडली. "ब्राह्मी, हे सात कोण हायत? लेकी का ल्योक?"

ब्राह्मीने पुन्हा पाहिले. "सगळ्या माद्या हायत."

"मग त्या लालच असणार की! त्यांचा बाप लालच न्हवं? तूच म्हणालीस, पांढरा दिसला तर ल्योकात दिसंल. ल्योक येऊ देत, मग पत्राचं बघू."

 मष्णू आईकडे बोट करत आप्पांना हळूच म्हणाला, "अण्णा, आता आक्कांस्नी बी पुण्याला धाडाय लागतंय!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी मला आईनेच उचलले. तिने मला खिडकीशी धरले. माझ्या भिंतीवर एक इवलासा नर पंख वाळवत बसला होता. त्याचे डोळे दुधासारखे पांढरे होते.

"ब्राह्मी!" आई ओरडली. "आज्ज्याचं डोळं नातवाला आलं गं! लेकीनं जपून ठेवलं हुतं!"

पुढच्या आठवड्यात मोजणी पुरी झाली. एकूण शहाऐंशी. माद्या पंचेचाळीस, सगळ्या लाल. नर एक्केचाळीस, त्यांत बावीस लाल, एकोणीस पांढरे. ब्राह्मीने पांढऱ्या नरांची लाल माद्यांशी जोडी जमवली, तेव्हा पुढच्या पिढीत पांढऱ्या डोळ्यांच्या माद्याही आल्या आणि ते घराणे पुन्हा उभे राहिले. "मग माणसाचं बी असंच?" असे आईने विचारले, तेव्हा ब्राह्मी हसून म्हणाली, "माणसाचं एवढं सोपं न्हाय, आई. ते शिकायलाच चाललोय."

जून संपता संपता मी पुण्यात प्राध्यापकांच्या टेबलावर उभी होते. त्यांनी भिंगातून पाहिले, वहीतले आकडे दोनदा तपासले आणि ब्राह्मीला तिची जागा दिली. मग वहीच्या शेवटच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले. "मोजणी तुमची. पण 'निरीक्षण: पद्मावती गुंडाप्पा', या कोणत्या कॉलेजच्या?"

"रविवार पेठेच्या, सर," ब्राह्मी म्हणाली.

पुढे माझ्या काठाची कपची उडाली. कापसाचा बोळा नीट बसेना, म्हणून मी कपाटाच्या तळाशी गेले आणि धूळ खात पडले. आता फार तर खिळे आणि वाकडे चिमटे ठेवायला कुणी मला उचलते. त्याचे मला दुःख नाही. तुमच्याकडे मात्र एक मागणे आहे, मित्रांनो. एखादी गोष्ट दिसत नाही म्हणून ती संपली असे लगेच म्हणू नका. हातातला काथ्या बाजूला ठेवा, बाटली उजेडात धरा, आणि बारा दिवस धीराने वाट पाहा. एका आईने ती पाहिली, म्हणून तिच्या लेकीला पुणे मिळाले.